म्या मोडलं

बारावीच्या वर्गात फळ्यावर मी इंग्रजीतले दोन शब्द लिहिले : कॉल ऑफ. ऑगस्टची दुपार होती. बाहेर घाटावरचा बारीक पाऊस भुरभुरत होता आणि खिडकीतून ओल्या सोयाबीनचा वास आत येत होता. पुस्तकातला अर्थ सोपा आहे : रद्द करणे. मुलांनी तो वहीत उतरवला आणि ती पुढच्या शब्दाची वाट पाहू लागली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, कॉल म्हणजे बोलावणं. ऑफ म्हणजे बंद. मग कॉल ऑफ म्हणजे बोलावणं बंद करणं व्हायला पाहिजे. रद्द करण्यात बोलावणं कुठून आलं?"

तीस वर्षं मी हा शब्द शिकवतो आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, "उद्या सांगतो." वर्गाला घरचा अभ्यास दिला : काही ठरलं होतं आणि ते झालं नाही, हे सांगणारी मराठी वाक्यं घरी ऐका आणि लिहून आणा. ऐकलेलीच आणा, बनवलेली नकोत.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एकीनं लिहिलं होतं, 'मामाच्या पोरीची सोयरीक फिसकटली.' एकानं, 'बैलाचा सौदा मोडला.' कुणाची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती. कुणाच्या वडिलांच्या खटल्याला पुढची तारीख पडली होती. शेगावला पायी जायचा बेत बारगळला होता. मुक्कामी एसटीची फेरी रद्द झाली होती. एका मुलाचे वडील एसटीत वाहक आहेत. त्यानं लिहिलं होतं, 'संप मागे घेतला.' आणि एका वहीत फक्त चार शब्द होते : 'बाबा म्हणले, पुढं पाहू.'

इंग्रजीत यांतल्या बहुतेक ठिकाणी एकच शब्द चालतो. लग्न असो, सभा असो, सामना असो, संप असो, ते कॉल ऑफ होतं. मराठी मात्र आधी विचारते, थांबलं ते काय? सौदा असेल तर मोडेल, बोलणी असतील तर फिसकटतील, बेत असेल तर बारगळेल. बारगळणे या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, मला त्यात आंब्याचा मोहर गळताना ऐकू येतो. धरलं होतं, वाऱ्यानं गेलं. सभा तहकूब होते तेव्हा ती पुन्हा भरणार हे त्या शब्दातच असतं. संप मागे घेतात, कारण तो पुढे टाकलेलं पाऊल असतो. आंदोलन तर आपल्याकडे सहसा रद्द होतच नाही, ते स्थगित होतं. उपोषणाच्या मांडवात नेता लिंबूपाणी घेतो तेव्हाही जाहीर होतं की आंदोलन स्थगित केलं आहे, संपवलेलं नाही. एकेका प्रकारच्या थांबण्याला एकेक शब्द आहे, आणि तो घडलेल्या गोष्टीला बेतून शिवल्यासारखा बसतो.

या श्रीमंतीचा मला अभिमान वाटला. पण वह्या दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट टोचली. सोयरीक फिसकटली, सौदा मोडला, बेत बारगळला, फेरी रद्द झाली. या वाक्यांत माणूस कुठे आहे? सोयरीक काय आपोआप फिसकटते? कुणीतरी घरात बसून ठरवलेलं असतं, कुणीतरी निरोप धाडलेला असतो. आपली क्रियापदं त्या माणसाला अलगद मागच्या दारानं जाऊ देतात. पाऊस पडतो, फांदी मोडते, तसंच लग्नही मोडतं. अपवाद एकाच वहीत होता : संप मागे घेतला. तिथं घेणारं कुणीतरी होतं.

मग मुलीच्या प्रश्नाकडे वळलो.

कॉल ऑफ या शब्दाचा जुना अर्थ हाक मारून दूर बोलावणे असा आहे. शिकारी कुत्री सावजावर सुटलेली असतात आणि त्यांना सोडणारा माणूस हाक देऊन त्यांना माघारी वळवतो. अंगावर सोडलेल्या कुत्र्यांना आवरा, हे सांगायला इंग्रजीत आजही हेच शब्द वापरतात. लग्न किंवा सामना रद्द करण्याचा अर्थ त्या हाकेतूनच पुढं फुटला.

हे वर्गाला समजावायला मला विलायतेत जावं लागलं नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात धनगरांचे मेंढ्यांचे कळप उतरतात आणि रिकाम्या शेतांत वाडे बसतात. संध्याकाळी वाटेनं जाणाऱ्यावर वाड्याचा कुत्रा धावून येतो. आपण दगड उचलला, ओरडलो, गोड बोललो, तरी तो थांबत नाही. दूर बाभळीखाली कांबळं पांघरून बसलेला धनगर जागचा हलतही नाही, फक्त एक हाक देतो. कुत्रा धावता धावता वळतो आणि मालकाच्या पायाशी जाऊन बसतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे अनुभवलेलं होतं. मी म्हटलं, "हे कॉल ऑफ. आता सांगा, तुमच्या ओरडण्यानं कुत्रा का थांबला नाही?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, त्याले आमी सोडलंच नव्हतं."

त्या मुलानं व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट सांगितली. ज्यानं सोडलं त्याच्याच हाकेनं ते मागं फिरतं. आणि हाक द्यायला गळा लागतो, कुणाचा तरी, ओळखू येणारा. इंग्रजीच्या नियमानुसार हा शब्द मधोमध फोडता येतो. 'ते' या अर्थाचं सर्वनाम आलं तर फोडावाच लागतो : कॉल इट ऑफ. अलीकडे हाक, पलीकडे थांबणं आणि मधे ती गोष्ट. वर्षानुवर्षं मी हा नियम गुणांसाठी शिकवला. त्या दिवशी त्यातलं चित्र मला पहिल्यांदा दिसलं.

आपला 'रद्द'सुद्धा अरबीतून आला आहे, आणि तिथं त्याच्या मुळाशी परतवणं, माघारी पाठवणं हाच अर्थ आहे. 'रद्दी' त्याचीच बहीण. म्हणजे आपल्याही शब्दात माघारी वळवणारं कुणीतरी होतं. वापरून वापरून आपण त्याला पुसून टाकलं.

हे सगळं वर्गात बोलत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, सायकल होती.

1984 चा उन्हाळा. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठापासून थोडं आत. धाकट्या आत्याचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, पत्रिका छापून आल्या होत्या. हळदीचे तांदूळ चिकटवलेल्या त्या पत्रिका आबांनी स्वतः घरोघर दिल्या होत्या. लग्नाला दहा-बारा दिवस उरले असताना मुलाकडून निरोप आला. ठरलेल्या हुंड्याशिवाय आणखी रोख रक्कम आणि राजदूत मोटारसायकल हवी होती. हुंड्याला बंदी करणारा कायदा 1961 सालीच झाला होता. पण गावात तो कायदा कुणी पाहिलेला नव्हता, आणि ठरलेला हुंडा आबांनीही कबूल केलेला होता. हे मी लपवत नाही.

त्या रात्री ओसरीवर कंदिलाभोवती घरातली मोठी माणसं बसली होती. कुणी म्हणालं, दोन एकर गहाण टाकू. कुणी म्हणालं, आजीचं डोरलं मोडू. मोडणं हा शब्द मला तेव्हा सोन्याच्याच संदर्भात माहीत होता. वर्ष बिघडलं की आमच्याकडचे लोक खामगावच्या सराफ्यात चांदीचं कडं किंवा सोन्याचा मणी मोडायला जात. आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आत्याला हाक मारली. ती दाराआड उभी होती. आबा म्हणाले, "बाई, तुहं काय म्हणणं?" आत्या काही बोलली नाही. तिनं फक्त मान हलवली, नाही अशी. आबा उठले आणि म्हणाले, "मंग मोडू."

सकाळी मुलाकडे माणूस गेला. काम तिथंच संपलं असतं. गावोगावी बातमी आपोआप पसरली असती, तशी ती पसरतेच. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिला तिखटमीठ लागलं असतं आणि शेवटी सगळं पोरीच्या अंगावर आलं असतं. आबांनी तसं होऊ दिलं नाही. त्यांनी पत्रिकांची यादी काढली. सहा गावं, एकेचाळीस घरं. सायकलच्या कॅरिअरवर मला बसवलं, कारण वाटेत कुणीतरी सोबत हवं होतं आणि बाकीचे सगळे मांडवाचं सामान परत करण्यात गुंतले होते.

वैशाखातलं ऊन होतं. पैनगंगेचं पात्र कोरडं होतं आणि वाळूतून सायकल ढकलत न्यावी लागे. जानेफळच्या बाजूची गावं पहिल्या दिवशी झाली, हिवरा आश्रमाकडची दुसऱ्या दिवशी. मला आठवतं ते प्रत्येक दारातलं तेच दृश्य. घरधनी लगबगीनं उठायचा, "या, या" म्हणायचा, पाण्याचा तांब्या पुढं यायचा. आबा तांब्या हातात घेत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणत, "आधी निरोप आयका, मंग पाणी." मग टोपी सारखी करून सांगत, "पाव्हणे, आमच्या पोरीचं लगन होत नाही. ते मोडलं नाही. म्या मोडलं. पोरीत खोट नाही. तुमाले बोलावलं होतं, म्हून सांगाले आलो."

एका घरात एक म्हातारी होती. तिनं आमची पत्रिका देवळीत देवापुढं ठेवली होती. आबांचं बोलणं ऐकून ती आत गेली, पत्रिका घेऊन आली, तिच्यावरचे तांदूळ नखानं अलगद खरवडले आणि अंगणातल्या चिमण्यांना टाकले. कोरी पत्रिका तिनं आबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बरं केलं भाऊ, तोंडानं सांगाले आलास." मग आबा तिथं बसले, पाणी प्याले. मला गूळ-शेंगदाणे मिळाले.

तीन दिवसांत एकेचाळीस घरं झाली. घरी आल्यावर आबा दोन दिवस झोपून होते. पुढं दोन वर्षांनी आत्याचं लग्न चिखलीकडच्या एका शिक्षकाशी झालं. पत्रिका देताना आबांनी तीच जुनी यादी काढली. आत्या आज आजी आहे. तिच्याबद्दल वावगा शब्द मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, आणि त्याचं श्रेय मी आबांच्या त्या तीन दिवसांना देतो.

'मोडलं नाही, म्या मोडलं.' कर्ता गिळून टाकणाऱ्या आपल्या क्रियापदाला आबांनी कर्ता जोडला. सातवी शिकलेल्या शेतकऱ्यानं.

त्यानंतर शब्दाकडे पाहताना मी नेहमी गळा शोधतो. गावातली दवंडी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कोतवाल चावडीपासून निघायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर डफडं वाजवायचा आणि गाव ऐकतंय याची खात्री करून सांगायचा की उद्याचा बाजार भरणार नाही. भरणार नाही, हे सांगायलाही गावातला सगळ्यांत मोठा आवाज वापरला जायचा. बोलावणं जितक्या कानांवर गेलं, तितक्याच कानांवर न येण्याचा निरोप जायला हवा, हा हिशोब त्यामागे होता.

मार्च 2020 मध्ये आमच्या जिल्ह्याला हा हिशोब फार मोठ्या प्रमाणावर करावा लागला. बुलडाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथं नारळांची होळी पेटते, संदल निघतो आणि सगळ्या धर्मांची माणसं दूरदूरून येतात. करोनाच्या टाळेबंदीच्या आधीच प्रशासनानं ती यात्रा थांबवली. पुढं शेगावच्या गजानन महाराजांच्या मंदिराचं दार भाविकांसाठी बंद झालं. 1968 पासून शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते. परतताना ती सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव या वाटेनं येते आणि आमच्या भागात त्या दिवशी दारोदारी सडा-रांगोळी असते. 2020 ला ती निघाली नाही. 2021 लाही निघाली नाही. आमच्या चौकात दरवर्षी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढणारी एक बाई पालखी यायच्या दिवशी सकाळी अंगण सारवून उंबऱ्यात बसली होती. पालखी येणार नाही हे तिला माहीत होतं. तिनं मला सांगितलं, "सर, न येणाऱ्याचाबी दिवस असतो."

त्या दोन वर्षांत लोकांनी तो नकार सोसला, कारण तो वेळेवर आणि स्पष्ट सांगितला गेला होता. नाही हा शब्द माणूस पचवू शकतो. अर्धवट शब्दानं मात्र तो रात्ररात्र जागा राहतो.

थांबवण्याची हाक कुणी द्यायची, या प्रश्नाला मोठ्या इतिहासातही जागा आहे. फेब्रुवारी 1922 मध्ये गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौरा इथं जमावानं पोलीस चौकी पेटवली आणि बावीस पोलीस मारले गेले. असहकाराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. गांधीजींनी ती थांबवायचं ठरवलं आणि 12 फेब्रुवारीला बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणीनं तसा ठराव केला. तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय यांच्यासारखे नेते अस्वस्थ झाले. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. पण तो कुणाचा होता, यावर कधी वाद झाला नाही. हाक देणाऱ्यानंच हाक मागं घेतली, दोष स्वतःच्या माथी घेऊन पाच दिवस उपवास केला आणि पुढच्याच महिन्यात अटक झाल्यावर शिक्षाही भोगली.

याच्या अगदी उलट गोष्ट मुंबईची. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला, असा दिवस कॅलेंडरात सापडत नाही. काही कामगार परतले, अनेकांना परतायला गिरणीच उरली नाही, कित्येक गावाकडे गेले ते तिकडचेच झाले. हाक हवेत तशीच राहिली. संप कुणी फसवला यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. मला त्या माणसाचा विचार येतो, जो कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी पडवीत बसून वर्षानुवर्षं सांगत राहिला असेल की संप अजून चालू आहे. एका अर्थानं तो खोटं बोलत नव्हता.

आणि तिसरी गोष्ट शेतकऱ्यांची. 1 जून 2017 ला पुणतांब्यातून उठलेला शेतकरी संप राज्यभर पसरला. भाजीपाला आणि दूध शहरांकडे जायचं थांबलं. दोनच दिवसांत, 3 जूनच्या पहाटे, मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. सकाळी गावागावांत लोकांनी विचारलं, कुणाला विचारून? अनेक ठिकाणी संप चालूच राहिला आणि 11 जूनला कर्जमाफीला तत्त्वतः मान्यता मिळाल्यावर तो निवळला. वाड्याच्या कुत्र्याबद्दल वर्गातला मुलगा जे म्हणाला, तेच त्या सकाळी महाराष्ट्रातले शेतकरी म्हणत होते. आम्ही तुमच्या सांगण्यावरून सुटलेलो नव्हतो.

या तिन्हींहून वेगळी आणि आमच्या अगदी जवळची एक गोष्ट आहे. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब ते खामगाव या छोट्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन झालं. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून इंग्लंडला न्यायचा होता, म्हणून तो फाटा झपाट्यानं झाला. हा फाटा पुढे जालन्यापर्यंत नेला तर चिखली आणि देऊळगाव राजा हा घाटावरचा सगळा मुलूख रेल्वेला जोडला जाईल, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. सर्वेक्षणं झाली, समित्या झाल्या, उपोषणं झाली, अंदाजपत्रकं झाली. माझ्या आबांनी ही रेल्वे येणार असं ऐकलं होतं. वडिलांनी ऐकलं. मी मुलांना सांगतो. इतक्या पिढ्यांत हा मार्ग होणार नाही, असं एकाही सरकारनं तोंडानं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. तसं सांगितलं असतं तर लोक चिडले असते, पण कदाचित रस्त्यासाठी भांडले असते, दुसरा विचार केला असता. 'पुढं पाहू' या दोन शब्दांवर एक मुलूख शंभर वर्षं फलाटाशिवाय उभा आहे.

इंग्रजीत पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं आणि कॉल ऑफ म्हणजे थांबवणं. परीक्षेत मुलं या दोन शब्दांत हमखास गोंधळतात. मी आता त्यांना रागवत नाही, कारण आयुष्यात मोठी माणसंही हा गोंधळ करतात, आणि जाणूनबुजून करतात. नाही म्हणायचं असतं तेव्हा आपण 'पाहू' म्हणतो. समोरच्याला वाईट वाटू नये, असं त्याला कारण देतो. खरं तर वाईट वाटतानाचा त्याचा चेहरा आपल्याला पाहायचा नसतो.

गेल्या काही वर्षांत यात फोनची भर पडली आहे. समारंभ थांबला की ग्रुपवर दोन जोडलेले हात आणि एक ओळ येते : अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द. निरोप चारशे जणांना एका क्षणात जातो, ही सोय मोठी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण त्या ओळीखाली नाव नसतं, आणि अपरिहार्य कारण म्हणजे कोणतं, हे विचारायला समोर उंबरा नसतो.

माझा धाकटा भाऊ गावी शेती करतो. मागं एका वर्षी जूनमध्ये एक चांगला पाऊस झाला आणि त्यानं सोयाबीन पेरलं. मग अठरा दिवस थेंब नाही. मी रविवारी गेलो तेव्हा तो तासात उकिडवा बसून बोटानं माती उकरत होता. वरची माती भाकरीच्या पापुद्र्यासारखी कडक झाली होती. खालून एकेक दाणा त्यानं तळहातावर घेतला. काही दाणे फुगून कुजले होते. काहींना मोड आले होते, पण तो कोवळा पांढरा मोड वरच्या कडक थराला टेकून पुन्हा खाली वळला होता. भावानं ते दाणे मला दाखवले आणि म्हणाला, "दादा, मोडतो."

मोड आलेला दाणा हातात धरून 'मोडतो' म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. मराठीत अंकुरालाही मोड म्हणतात आणि तुटण्यालाही मोडणंच म्हणतात. शब्दकोशवाले त्याचं काय कारण देतील ते देवोत. शेतकऱ्याला मात्र दोन्ही एकाच वावरात, एकाच आठवड्यात करावी लागतात. वेळेत मोडलं तर दुबार पेरणीला ओल सापडते. मन घट्ट होत नाही म्हणून आणखी आठ दिवस वाट पाहिली, तर पहिलंही हातचं जातं आणि दुसऱ्याचाही हंगाम निघून जातो.

त्या संध्याकाळी भावानं रोटाव्हेटरवाल्याला फोन केला. मग चप्पल घालून तो बाहेर निघाला. मी विचारलं, "आता कुठं?" तो म्हणाला, "निंदणाच्या बाया सांगितल्या होत्या पुढच्या आठवड्याच्या. त्यांना सांगून येतो, म्हणजे दुसरं काम धरतील." सात बायका, सात घरं. फोन सगळ्यांकडे होते. तरी तो चालत गेला. 1984 साली तो दीड वर्षाचा होता, त्यानं आबांची ती फेरी पाहिलेली नाही. काही गोष्टी घरात न सांगताच उतरतात.

एवढं सगळं मी त्या मुलीला एका तासिकेत सांगू शकलो नाही. आबांची गोष्ट सांगितली, धनगराची हाक सांगितली. तिनं वहीत 'रद्द करणे' याच्या पुढं स्वल्पविराम देऊन लिहिलं : ज्यानं बोलावलं त्यानं स्वतः जाऊन 'येऊ नका' सांगणे. परीक्षेत पहिल्या दोन शब्दांनाच पूर्ण गुण मिळतात. पुढचं वाक्य मी खोडलं नाही.

वाचकहो, ठरलेलं थांबवण्याची वेळ सगळ्यांवर येते. नातं असेल, भागीदारी असेल, लग्न असेल, दिलेलं वचन असेल. थांबवण्यात पाप नाही. पण ज्यांना तुम्ही बोलावलं होतं, त्यांना वाट पाहत ठेवू नका. 'मोडलं' म्हणू नका, 'मी मोडलं' म्हणा. जमेल तितक्या उंबऱ्यांवर स्वतः जा. आधी निरोप सांगा, मग पाणी घ्या.